सोनघंटा : सह्याद्रीच्या उतारावरील दुर्मीळ झुडूप

निलगिरीच्या उंच पठारांवर लाल फुलांनी बहरणारा ऱ्होडोडेंड्रॉन पाहून आलेल्या प्रवाशास ते झाड आपल्या अंगणीही असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या कुळातील झुडपांना आम्लधर्मी, भुसभुशीत माती व गारवा लागतो. मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीवाचून त्यांचे पोषण नीट होत नाही, आणि चुन्याचा अंश असलेले पाणी सतत मिळाल्यास त्यांना मातीतील लोह घेता येत नाही. पाने पिवळी पडतात. उल्हास नदीकाठच्या मोहन्यासारख्या सखल व उष्ण वस्तीत हा खटाटोप व्यर्थच ठरावयाचा.

दुर्मीळ फुलझाडाचेच अगत्य असेल तर दृष्टी सह्याद्रीकडे वळविणे अधिक शहाणपणाचे. तेथील सोनघंटा महाराष्ट्राबाहेर निसर्गतः कोठेही आढळत नाही. भेंडी, कापूस व जास्वंद यांच्या कुळातील हे झुडूप. त्याची खाली झुकलेली, पिवळसर नारिंगी फुले घंटेसारखी दिसतात. वुड्रो व स्टाफ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ‘ॲब्युटिलॉन रानडेई’ या नावाने रानडे या मराठी संग्राहकाची स्मृती राखली. साहेबी अमदानीत एतद्देशीय संग्राहकाच्या वाट्यास असा मान क्वचितच येई.

लागवडीसाठी रानातील रोप उपटून आणणे सर्वथा अनुचित होय. थोडीच झुडपे उरलेल्या जागी एक रोप गेले तरी हानी मोठी. बी अधिकृत वनस्पती उद्यानाकडूनच घ्यावे. या कुळातील अनेक बियांचे कवच कठीण असते. ते वाळूकागदावर हलके घासून बी रात्रभर पाण्यात भिजविल्यास उगवण सुलभ होते. झुडपाची मूळ वस्ती उतारावरील असल्याने मुळाशी पाणी साचू देऊ नये. शाळेच्या बागेत रोप लावल्यास बी मूळचे कोणत्या डोंगरातील, याची नोंद अवश्य ठेवावी. तिच्यावाचून ते रोप पुढे संवर्धनाच्या फारसे उपयोगी पडत नाही.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या आहेत. घाटमाथ्यावरील ग्रामपंचायतींनी आपल्या लोकजैवविविधता नोंदवहीत या झुडपाची दखल घ्यावी. मात्र नेमकी जागा चारचौघांत सांगू नये, कारण हौशी संग्राहकांचे पाय तेथे लागावयास वेळ लागत नाही. उन्हाळ्यात डोंगरावरील गवत पेटविण्याची जेथे चाल आहे, तेथे अशा जागेभोवती पावसाळा सरताच जाळरेषा काढून ठेवावी.