भाड्याच्या घरातील स्वयंचलित दिवे

भाड्याच्या घरात वायरिंगसाठी भिंत फोडणे म्हणजे घरमालकाचा रोष ओढवून घेणे व अनामत रकमेवर पाणी सोडणे. ११ महिन्यांच्या करारासाठी असा खर्च व्यवहारालाही धरून नाही. तथापि, भिंतीस हात न लावताही दिवे स्वयंचलित करता येतात. नेहमीच्या होल्डरमध्ये बसणारा वाय-फाय बल्ब लावावा. घर सोडताना तो काढून जुना बसविला की झाले. असे बहुतेक बल्ब २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

खरी अडचण भिंतीवरील बटणाची आहे. ते बंद केले की बल्ब मोबाइलची आज्ञा ऐकत नाही. आणि वर्षानुवर्षांच्या काटकसरीच्या सवयीने घरातील ज्येष्ठ ते बंद करणारच. दोष त्यांचा नव्हे. शिवाय, गेलेली वीज मध्यरात्री परतली की काही बल्ब आपोआप लखलखतात. अ‍ॅपमध्ये पूर्वस्थिती राखण्याची सोय असल्यास ती निवडावी.

रात्री उठून स्नानगृहाकडे जाणाऱ्या आजींना मात्र यांतले काहीच नको. हालचाल टिपून पेटणारा, सेलवर चालणारा छोटा दिवा त्यांच्या पलंगाखाली लावावा. त्यास ना वाय-फाय लागते, ना बटण. चिकटपट्टीने भिंतीचा रंग निघतो, म्हणून ती पलंगाच्या लाकडालाच लावावी.