समुद्री जीवांच्या प्रतिकृती (बालहस्तकला)

समुद्री जीवांच्या प्रतिकृती हा बालहस्तकलेचा एक प्रकार आहे. मासा, खेकडा, ऑक्टोपस, तारामासा, जेलीफिश, समुद्री कासव, समुद्रघोडा इत्यादी प्राण्यांची रूपे कागद, पुठ्ठा, माती, कणीक, पाने, करवंट्या अशा सहज मिळणाऱ्या साहित्यातून लहान मुले यात तयार करतात. बालवाड्या, प्राथमिक शाळांतील कार्यानुभवाचे तास, उन्हाळी शिबिरे आणि घरे या ठिकाणी हा प्रकार रूढ आहे. या प्राण्यांचे बाह्याकार ठळक व सुटसुटीत असल्याने ते लहान हातांना जमतात. मात्र याच सोपेपणामुळे पाच बाहूंचा ऑक्टोपस, बोटांचे पाय असलेले समुद्री कासव, आडव्या शेपटीचा शार्क असे चुकीचे आकारही प्रचारात आले आहेत. त्यामुळे प्रतिकृती करण्यापूर्वी त्या प्राण्याचे शरीर नीट पाहणे हा कृतीचाच पहिला टप्पा समजणे योग्य ठरते.

पार्श्वभूमी

बालशिक्षणात हस्तकलेला पद्धतशीर स्थान देण्याचे श्रेय जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांना दिले जाते. त्यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे सुरू केलेली संस्था पुढे किंडरगार्टन या नावाने ओळखली जाऊ लागली. कागदाच्या घड्या घालणे, कातरकाम, विणकाम व मातीकाम यांचा त्यांच्या पद्धतीत समावेश होता. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्रामबाल शिक्षा केंद्र सुरू केले. महागड्या साधनांऐवजी परिसरात विनामूल्य मिळणाऱ्या वस्तूंतून शैक्षणिक साहित्य घडवण्याचा त्यांचा आग्रह होता. पुढे पुण्यातील अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याची कल्पना देशभर पोहोचवली.

शरीररचना आणि प्रतिकृती

ऑक्टोपसला आठ बाहू असतात. मुलाच्या एका पंजाचा ठसा उलटा धरून ऑक्टोपस करण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण त्यात बाहू पाचच येतात. अंगठा वगळून दोन्ही हातांचे ठसे शेजारी घेतल्यास चार अधिक चार असे आठ बाहू मिळतात आणि मुलाची बेरीजही होऊन जाते. ऑक्टोपसचे जे गोल ‘डोके’ समजले जाते, तो वस्तुतः प्रावार नावाचा पिशवीसारखा भाग असून त्यात बहुतेक आंतरिक अवयव असतात. डोळे या पिशवीच्या खाली, बाहूंच्या मुळाजवळ असतात. म्हणून कागदी डोळे फुगीर भागाच्या मधोमध न चिकटवता खाली चिकटवावेत. तोंड बाहूंच्या मध्यभागी, खालच्या अंगाला असते. चित्रांतून दिसणारे हसरे तोंड हे माणसाच्या चेहऱ्यावरून घेतलेले आहे. ते काढू नये असे नाही, परंतु खरे तोंड कोठे असते हे मुलाला त्या वेळी दाखवता येते.

खेकड्यासाठीही पंजाचे ठसे वापरतात आणि तेथे ते अधिक नेमके बसतात. दोन्ही तळवे मध्यभागी एकमेकांवर थोडे येतील व बोटे दोन बाजूंना जातील असे ठसे घेतले, तर आठ बोटे म्हणजे चालण्याच्या पायांच्या चार जोड्या होतात. वर आलेले दोन अंगठे देठांवरच्या डोळ्यांसारखे दिसतात. उरलेली पुढची जोडी म्हणजे नांग्या. त्या वेगळ्या काढून किंवा कापून लावाव्या लागतात. खेकडा दशपाद गटातील असल्याने नांग्या धरून पायांची संख्या दहा भरते.

तारामाशाच्या नावात मासा असला तरी तो मासा नाही. तो समुद्री साळिंदरांसोबत कंटकचर्मी संघात येतो. त्याला कणा नसतो, कल्ले नसतात आणि तो खालच्या अंगावरील असंख्य नालपादांच्या साहाय्याने सरकतो. त्याचे शरीर बहुधा पाच अरांचे असते. आडव्या कापलेल्या भेंडीचा ठसा हे त्याचे सर्वांत सोपे चित्र होय. भेंडीला बहुधा पाच कप्पे असतात, त्यामुळे रंगात बुडवलेल्या तुकड्यातून पाच टोकांची चांदणी उमटते. एखादी भेंडी सहा किंवा अधिक कप्प्यांची निघाली तरी ठसा फेकून देण्याचे कारण नाही, कारण पाचांहून अधिक बाहू असलेल्या तारामाशांच्या जातीही आहेत.

जेलीफिशचे शरीर छत्रीसारखे असून त्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते. पानांचा किंवा कागदाचा द्रोण पालथा घातला की छत्री तयार होते. बहुतेक नमुन्यांत सर्व पट्ट्या एकाच जागी चिकटवतात. प्रत्यक्षात बारीक संस्पर्शक छत्रीच्या कडेला असतात, तर रुंद, झालरीसारखे मुखबाहू मध्यभागी तोंडाभोवती लोंबतात. म्हणून द्रोणाच्या कडेला लोकरीचे धागे आणि आत मधोमध पतंगाच्या कागदाच्या चुरगळलेल्या पट्ट्या लावल्यास प्रतिकृती वास्तवाला जवळची होते. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर येणारी निळी ‘ब्लू बॉटल’ जेलीफिशसारखी दिसते, पण ती एक प्राणी नसून परस्परांना जोडलेल्या अनेक जीवांची वसाहत असते. ती वाळूत मृत पडलेली असली तरी दंश करू शकते, त्यामुळे नमुना म्हणून उचलू नये.

समुद्री कासव व जमिनीवरील कासव यांतील फरक प्रतिकृतीत सहसा हरवतो. समुद्री कासवाचे पाय वल्ह्यांच्या आकाराचे असतात, पुढची वल्ही मागच्यांपेक्षा लांब असतात आणि त्याला डोके व पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी तेथे कासव महोत्सव भरतो. या कासवाची पाठ वरून पाहता बदामी आकाराची दिसते. नारळाची अर्धी करवंटी पाठीसाठी चालते. वल्ही जाड पुठ्ठ्याची कापून करवंटीच्या कडेखाली चिकटवतात.

शेपटीची दिशा हा कदाचित या हस्तकलेतील सर्वांत शिकवणारा मुद्दा आहे. मासे, शार्कसुद्धा, शेपटी डावी-उजवीकडे हलवून पोहतात आणि त्यांचे शेपटीचे पर उभे असते. देवमासा व डॉल्फिन हे सस्तन प्राणी असून ते शेपटी वर-खाली हलवतात, म्हणून त्यांची शेपटी आडवी असते. सपाट चित्रात हा भेद लपून राहतो. पुठ्ठ्याच्या नळीला शेपटी जोडण्याची वेळ आली की खाच उभी पाडायची की आडवी, हे मुलाला ठरवावेच लागते.

समुद्रघोड्याची शेपटी पोटाच्या बाजूला गुंडाळलेली असते व तिने तो समुद्री गवताला धरून राहतो. कागदाची अरुंद पट्टी पेन्सिलीवर गुंडाळून सोडली की असा वेटोळा मिळतो. मादीने दिलेली अंडी नर आपल्या पिशवीत वाढवतो, त्यामुळे पोटाशी कागदाचा छोटा खिसा लावलेला समुद्रघोडा हा बाबा समुद्रघोडा ठरतो.

उडता मासा

हे खेळणे केवळ एका कागदी पट्टीचे आहे. सुमारे १२ सेंटिमीटर लांब व २ सेंटिमीटर रुंद पट्टी घेऊन दोन्ही टोकांपासून दीड सेंटिमीटर अंतरावर अर्ध्या रुंदीपर्यंत काप देतात. एक काप वरच्या कडेने व दुसरा खालच्या कडेने असावा लागतो. पट्टी वाकवून दोन्ही काप एकमेकांत अडकवले की गोलसर शरीर व दुभंगलेली शेपटी असलेला मासा होतो. उंचावरून सोडल्यास तो गरगर फिरत खाली येतो. दोन्ही काप एकाच कडेने देणे ही नेहमी होणारी चूक आहे.

माशाचा ठसा

माशाला रंग लावून त्याचा कागदावर ठसा घेण्याच्या जपानी कलेस ग्योताकू म्हणतात. ती एकोणिसाव्या शतकात पकडलेल्या माशाच्या आकाराची नोंद ठेवण्यासाठी वापरली जात असे. बाजारातून आणलेला अखंड बांगडा किंवा पापलेट पुसून कोरडा करतात, पर पसरवून ठेवतात, वरच्या अंगाला रंगाचा पातळ थर देतात व त्यावर मऊ कागद ठेवून बोटांनी दाबतात. डोळा मात्र नंतर कुंचल्याने रंगवतात. खवले, कल्ल्याचे झाकण व परांतील काटे ठशात स्पष्ट उमटतात. मोठ्या मुलांसाठी ही पद्धत उत्तम आहे. लहानांना माशाचा वास व बुळबुळीतपणा कधी आवडतो, कधी अजिबात नाही.

साहित्य

घोटीव कागद, जुनी वर्तमानपत्रे, खळ, शाडू माती, लोकर, सुतळी व वाळलेली पाने एवढे साहित्य बहुतेक कृतींना पुरते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ व लागेल तसे पाणी घालून मळलेल्या गोळ्याचे तारामासे आणि शंख चांगले होतात व उन्हात कडक वाळतात. पावसाळ्यात मात्र मीठ हवेतील ओल शोषून घेते आणि वस्तू पुन्हा मऊ पडते. तीन वर्षांखालील मुले वस्तू तोंडात घालतात, म्हणून त्यांच्या हाती मणी किंवा चिकटवायचे हलते डोळे देऊ नयेत. त्यांच्यासाठी डोळे रंगाने काढणे पुरेसे असते.

खवल्यांच्या चकाकीसाठी वापरली जाणारी चमकी बहुधा प्लॅस्टिकची असते. हात व भांडी धुताना ती सांडपाण्यात जाते आणि समुद्रात पोहोचू शकते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले. चॉकलेटांचे चांदीचे कागद कापून लावल्यास तीच चकाकी मिळते.

शंख-शिंपले गोळा करणे

खरे शंख-शिंपले वापरण्याची प्रथा किनारपट्टीवर जुनी आहे. रिकामा शंख किनाऱ्यावर निरुपयोगी पडलेला नसतो. शंखवासी खेकड्यांचे पोट मऊ असल्याने ते अशाच शंखांत राहतात व वाढ झाली की मोठा शंख शोधतात. त्यामुळे काही मोजकेच, फुटलेले किंवा झिजलेले शिंपले घेणे इष्ट असते. आत प्राणी असलेला शंख उचलू नये. शंकूच्या आकाराच्या कोनस गोगलगाईंचा दंश विषारी असतो आणि काही जातींचा दंश माणसाला प्राणघातक ठरू शकतो. भारतात प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, नॉटिलस तसेच महाकाय शिंपल्यांच्या काही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांची वाळवलेली शरीरे किंवा कवचे शोभेसाठी विकणे व विकत घेणे या कायद्याने निषिद्ध असून, पर्यटनस्थळी दुकानात ती मांडलेली दिसली तरी हा निर्बंध लागूच असतो.