जेजुरीचा गाढवांचा बाजार

मैत्रिणींनो, पौष म्हणजे आपल्याकडे भाकड महिना. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत. संक्रांतीचं वाण आणि हळदीकुंकू एवढीच काय ती धामधूम. या महिन्यात एक दिवस सवड काढा आणि पौष पौर्णिमेला जेजुरीला जाऊन या. खंडोबाचं दर्शन तर घ्याच, पण गड उतरल्यावर लगेच परतीची गाडी धरू नका. गडाखाली त्या वेळी गाढवांचा बाजार भरतो, तोही पाहा.

गाढवांचा बाजार? तो कसला पाहायचा, असं तुम्ही म्हणाल. साहजिकच आहे. हा शब्द आपल्याकडे वर्गात आणि घरात शिवी म्हणूनच जास्त वापरला जातो. पण ज्यांचं पोट या जनावरावर आहे, त्यांच्यासाठी हा बाजार वर्षातला महत्त्वाचा दिवस असतो. वडार, कैकाडी, बेलदार, वैदू, कुंभार, परीट अशा कितीतरी समाजांची माणसं बिऱ्हाडासकट इथे येतात. खंडोबा त्यांचं दैवत. देवाची एक राणी म्हाळसा वाण्यांची, दुसरी बाणाई धनगरांची. असा हा सगळ्यांना आपला वाटणारा देव असल्यामुळे त्याच्या पायाशी अठरापगड जाती जमल्या तर नवल काय! तीन दगडांच्या चुली पेटतात, भाकऱ्या थापल्या जातात, सोयरेधायरे भेटतात. कुणाची मुलगी लग्नाची झाली, कुणाचं भांडण मिटायचं राहिलंय, हीही बोलणी तिथेच होतात.

जनावरांत दोन प्रकार चटकन ओळखू येतात. आपलं गावठी गाढव बुटकं, करड्या रंगाचं. गुजरातेतून येणारं काठेवाडी गाढव उंच, बहुधा पांढरं, आणि किमतीलाही चढं. वय ठरतं दातांवरून. दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के दात आले की ते ‘दुवान’, म्हणजे साधारण अडीच वर्षांचं. चार आले की ‘चौवान’. सगळे दात भरले की ‘अखंड’. आपण भाजीबाजारात भेंडीचं टोक मोडून पाहतो ना, तसंच इथे आधी तोंड उघडून पाहतात, मग भावाचं बोलतात.

वीटभट्टीवर काम करणाऱ्या एक मावशी नवऱ्याबरोबर खरेदीला आल्या होत्या. नवरा दात पाहत होता, पण मावशींचा हात जनावराच्या पाठीवरून फिरत होता.

“बाई, दात काय, कुनीबी बघतं,” त्या मला म्हणाल्या. “पाठ बघायची. पाठीला जखम असली की जनावर कामाला बसतंय, आन् जनावर बसलं की चूल बसती.”

त्यांच्याकडच्या दोन गाढवांपैकी एक थकलं होतं. भट्टीचा हंगाम पावसाळ्यापर्यंत चालायचा, आणि मालकाकडून घेतलेली उचल अजून फिटायची होती. जनावर आपलं असलं तर खेपेचे पैसे मिळतात, नसलं तर निव्वळ हातमजुरी. म्हणजे त्या दिवशी सौदा जमणं न जमणं, यावर त्या घराचे पुढचे चार-पाच महिने ठरणार होते. दोनदा बोलणं फिसकटलं. शेवटी निम्मे पैसे रोख आणि बाकीचे पुढल्या पौर्णिमेला असं ठरलं. कागद नाही, सही नाही. दोघांनी भंडारा उचलला आणि मावशींनी त्यातलाच थोडा गाढवाच्या कपाळाला लावला. देवाच्या भंडाऱ्यावर दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढाच तो करार!

हा बाजार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, असं जुनी माणसं सांगतात, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती. २०१९ च्या गणनेत ती १ लाख २० हजारांवर आली. महाराष्ट्रात याच काळात २९ हजारांची १८ हजार झाली. माती-वाळूला टेम्पो आणि ट्रॅक्टर आले, खोदाईला यंत्रं आली. यंत्र आलं याचं वाईट वाटण्याचं कारण नाही; जनावराचे आणि माणसाचेही कष्ट त्यानं कमी होतात. पण ट्रॅक्टर घ्यायला ज्याच्याजवळ पैसा नाही आणि कसायला जमीन नाही, त्यानं काय करावं? म्हणून मावशींना मी मुलांचं विचारलं. धाकटी मुलगी भट्टीजवळच्या शाळेत जाते म्हणाल्या. “तिच्या हातात दावं नको, पाटी पायजे,” हे त्यांचे शब्द.

आपल्यालाही यात काही करता येण्यासारखं आहे बरं का! घराचं बांधकाम किंवा दुरुस्ती निघाली आणि विटा-वाळू गाढवांवरून आली, तर ओझ्याकडे लक्ष ठेवा. १९६५ च्या सरकारी नियमांप्रमाणे गाढवाच्या पाठीवर ५० किलोंपेक्षा जास्त ओझं लादता येत नाही. एक वीट तीन किलोंची धरली तर सोळा विटा झाल्या. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन विश्रांती द्यावी लागते. तेव्हा ठेकेदाराला “लवकर उरका” म्हणण्याआधी खेपा मोजा, आणि दारात एक पाण्याची बादली भरून ठेवा. रामेश्वराला न्यायची गंगा नाथांनी तहानेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपण मुलांना सांगतोच. शिळासप्तमीला जिची पूजा करतो, त्या शीतलादेवीचं वाहनही गाढवच.

आता जाण्याविषयी थोडं. पुण्याहून जेजुरी सुमारे पन्नास किलोमीटर. एसटी आहे, आणि पुणे-मिरज मार्गावरची रेल्वेही. सकाळी लवकर पोचा, म्हणजे ऊन चढायच्या आत गड होईल. बाजारात जनावरांच्या मागून जाऊ नका, मुलांचा हात सोडू नका, आणि न विचारता कुणाचे फोटो काढू नका.

साडी मात्र जुनी नेसा. गडावर भंडारा उधळतात आणि हळद अंगभर बसते. घरी आल्यावर साडी आधी कोरडीच झटका. साबण लावताच डाग लाल होतील, पण घाबरू नका. साबण पूर्ण निघेपर्यंत साडी खळबळा आणि कडक उन्हात वाळत घाला. उन्हानं हळद फिकी पडते. एका धुण्यात नाही गेली, तर दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात जाईल.