वज्रेश्वरीचं पाणी गरम का? 'ज्वालामुखी' म्हटलं की प्रश्न संपतो का?

पीएचडीच्या माझ्या पहिल्या प्रवेश मुलाखतीत एका प्राध्यापकांनी माझा अर्ज चाळला, पत्ता वाचला आणि विचारलं, "भिवंडीच्या का? मग सांगा, वज्रेश्वरीच्या कुंडांचं पाणी गरम का असतं?"

मला वाटलं, सुटले. लहानपणापासून दर वर्षी आजीबरोबर अंबाडीवरून वज्रेश्वरीला जात आलेय. देवीचं दर्शन, मग अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसायचं. मी लगेच म्हणाले, "सर, ज्वालामुखीमुळे."

"कुठला ज्वालामुखी?"

"दख्खनचा."

"तो केव्हाचा?"

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा."

"आणि तो अजून गरम आहे?"

पुढे मला काही सुचलं नाही. त्या वर्षी माझी निवड झाली नाही. नुसत्या या एका प्रश्नामुळे नाही झाली असं म्हणणार नाही, पण घरी येताना लोकलमध्ये डोक्यात तोच प्रश्न होता. आज मी भूजलाच्या रसायनशास्त्रावर काम करते आणि तुमच्यापैकी बरेच जण आता नेट, पेट किंवा मुलाखतींची तयारी करताय. म्हणून हा लेख. जगातली भौगोलिक आश्चर्यं आपण फोटोत बघतो. त्यातलं एक आपल्या तालुक्यात असेल तर त्याच्याकडे प्रश्न म्हणून कसं बघायचं, ते सांगते.

आधी प्रश्न फोडा

'पाणी गरम का?' हा एक प्रश्न दिसतो, पण त्यात तीन प्रश्न आहेत:

१. पाणी कुठून आलं?
२. उष्णता कुठून आली?
३. ते नेमकं इथेच वर का आलं?

माझी चूक इथेच झाली होती. मी तिन्हींना मिळून एकच उत्तर दिलं, आणि ते तिन्हींपैकी एकालाही पुरत नव्हतं. संशोधनात ही चूक फार वेळा होते. उत्तर ओळखीचं असलं की प्रश्न नीट वाचलाच जात नाही.

दख्खनचा लाव्हा थंड व्हायला किती वेळ लागेल?

आधी ज्वालामुखीचा दावा तपासू. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, कागद-पेन पुरतं.

एखादी गरम वस्तू फक्त वहनाने थंड होत असेल, तर तिला लागणारा वेळ अंदाजे असा काढतात: अंतराचा वर्ग भागिले उष्णता पसरण्याचा गुणांक. खडकासाठी हा गुणांक सेकंदाला साधारण ०.०००००१ चौरस मीटर असतो. सह्याद्रीतला लाव्ह्याचा थर दोन किलोमीटर जाड धरा. म्हणजे त्याच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूपर्यंतचं अंतर १००० मीटर. वर्ग केला तर १० लाख. त्याला गुणांकाने भागलं की एकावर बारा शून्यं इतके सेकंद येतात. वर्षाचे सेकंद सुमारे ३ कोटी १५ लाख, म्हणून उत्तर आलं साधारण ३२ हजार वर्षं.

कोणी म्हणेल, लाव्हा थंड झाला असेल, पण खाली शिलारसाचा साठा उरला असेल. ठीक आहे, अंतर १० किलोमीटर धरा. अंतर दहापट, तर वेळ शंभरपट: ३२ लाख वर्षं. दख्खनचे उद्रेक होऊन सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. म्हणजे वीसपट जास्त वेळ हातात होता. हे गणित ढोबळ आहे, दोन-तीनपट चुकलं तरी निष्कर्ष बदलत नाही. ढोबळ गणिताचा खरा उपयोग हाच.

याच्याशेजारी अमेरिकेतलं यलोस्टोन ठेवून बघा. तिथले गरम पाण्याचे फवारे जगप्रसिद्ध आहेत, आणि तिथे 'ज्वालामुखी' हे उत्तर बरोबर आहे. शेवटचा प्रचंड उद्रेक सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वीचा, शेवटचा लाव्हा सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीचा, आणि काही किलोमीटर खाली अर्धवट वितळलेला खडक आजही आहे. दृश्य सारखं, म्हणजे गरम पाणी जमिनीतून वर येतंय. पण कारण सारखंच असेल असं नाही.

मग उष्णता कुठली?

पृथ्वी आतून गरम आहे, तेवढं पुरेसं आहे. काही उष्णता पृथ्वीच्या जन्मापासून उरलेली, काही युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून सतत तयार होणारी. सर्वसाधारण जागी दर किलोमीटर खोलीला तापमान २५ ते ३० अंशांनी वाढतं. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून जास्त खोल गेल्या होत्या. तिथे ज्वालामुखी नव्हता, तरी तळाशी थंड हवा सोडल्याशिवाय माणसं काम करू शकत नव्हती.

आता अकलोली-गणेशपुरीकडे या. तिथलं पाणी साधारण ५० अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडे जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचं तापमान सुमारे २७ अंश धरू. फरक २३ अंशांचा. दर किलोमीटरला ३० अंश वाढ धरली तर पाणी किमान पाऊण किलोमीटर खाली जाऊन आलं पाहिजे. 'किमान' हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण वर येताना पाणी थंड होतं आणि वाटेत गार भूजल त्यात मिसळतं. खाली ते किती तापलं होतं, हे वरच्या थर्मामीटरने कळत नाही.

पाण्यातला थर्मामीटर

इथे रसायनशास्त्र कामाला येतं. गरम पाण्यात खडकातली सिलिका जास्त विरघळते. पाणी भरभर वर आलं तर ती बरीचशी विरघळलेलीच राहते. म्हणून सिलिका मोजली की खालच्या तापमानाचा अंदाज करता येतो. खाली सिलिका पुरवणारं खनिज क्वार्ट्झ आहे असं धरलं तर नेहमी वापरलं जाणारं सूत्र असं:

तापमान = १३०९ ÷ (५.१९ − लॉग सिलिका) − २७३.१५

सिलिका लिटरला मिलिग्रॅममध्ये, लॉग दहाच्या पायाचा. समजा तुमच्या नमुन्यात १०० मिलिग्रॅम सिलिका निघाली. लॉग २. उत्तर येतं सुमारे १३७ अंश. छान वाटतं, नाही? लगेच प्रबंधात लिहावंसं वाटतं.

थांबा. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये कॅल्सिडोनी भरपूर असतं. आपल्याकडे अकीक म्हणतात, तो याच कुळातला. त्याच्यासाठी सूत्रातले आकडे बदलतात: १३०९ च्या जागी १०३२ आणि ५.१९ च्या जागी ४.६९. तीच १०० मिलिग्रॅम सिलिका घालून बघा. उत्तर येतं सुमारे ११० अंश.

पाणी तेच, बाटली तीच, उपकरण तेच. फक्त 'खाली कोणतं खनिज आहे' हे गृहीतक बदललं आणि २७ अंशांचा फरक पडला. त्याच ३० अंशांच्या हिशोबाने पहिल्या उत्तरात पाणी साडेतीन किलोमीटरहून थोडं जास्त खोल जातं, दुसऱ्यात पावणेतीन. म्हणून कुठल्याही शोधनिबंधात तापमानाचा आकडा दिसला की आधी बघा, तो कोणत्या गृहीतकावर काढलाय. आकडा लक्षात नाही राहिला तरी चालेल, पण गृहीतक विसरू नका.

पाणी कुठलं?

यासाठी आयसोटोप वापरतात. पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन हलका असतो, तसा जड प्रकारचाही असतो. हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवलं की जगभरच्या पावसाच्या पाण्यात या दोन्हींचं प्रमाण आलेखावर जवळजवळ एकाच सरळ रेषेवर पडतं. झऱ्याचं पाणी त्या रेषेजवळ पडलं तर ते मुळात पावसाचं. कोकणातल्या गरम झऱ्यांबद्दल संशोधकांनी हेच मांडलंय: हे पाऊसपाणी आहे, जमिनीत खोल मुरून परत आलेलं.

पण इथे एक सापळा आहे. 'पाणी पावसाचं निघालं, म्हणून ज्वालामुखी नाही' असं म्हणता येत नाही. यलोस्टोनचं पाणीसुद्धा बहुतांश पाऊस आणि बर्फाचंच आहे! आयसोटोप पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात, दुसऱ्याचं नाही. दुसऱ्यासाठी मघाचं थंड होण्याचं गणित लागतं. मुलाखतीत हा फरक स्पष्ट सांगितलात तर समोरच्याला कळतं की तुम्ही विचार केलाय.

इथेच का?

नकाशा उघडा आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे खुणा करत जा. पालघर जिल्ह्यात सातिवली, आपल्याकडे अकलोली-गणेशपुरी, रायगडमध्ये पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, दापोलीकडे उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी, मग राजापूरचं उन्हाळे. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, डोंगररांगेला साधारण समांतर अशी ही माळ तयार होते.

नावंही बघा: उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. सर्वेक्षण व्हायच्या कितीतरी आधी लोकांनी माहिती गावाच्या नावात नोंदवून ठेवली होती. मात्र फक्त नावांवरून यादी केली तर वज्रेश्वरी सुटेल. असा पुरावा कामाचा असतो, पुरेसा नसतो.

झरे विखुरलेले असते तर गोष्ट वेगळी होती. एका पट्ट्यात आहेत म्हणजे खाली काहीतरी लांबच लांब रचना असणार. किनाऱ्याच्या या भागात बेसॉल्टचे थर पश्चिमेकडे वाकलेत आणि त्यांत भेगा, भ्रंश आहेत. उंचावर पडलेला पाऊस भेगांतून खोल उतरतो, तापतो, हलका होतो आणि सखल जागी दुसऱ्या भेगेतून वर येतो. तानसा नदीचं पात्र ही तशीच सखल जागा.

जगात याचा जवळचा भाऊ शोधायचा तर तो इंग्लंडमधल्या बाथ शहरात आहे. रोमन लोकांनी जिथे स्नानगृहं बांधली, तिथे रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी ४६ अंश तापमानाने वर येतं. तिथेही जिवंत ज्वालामुखी नाही. मेंडिप टेकड्यांवरचा पाऊस खोल मुरतो आणि भेगेतून वर येतो. आम्ही लहानपणी ज्यात पाय सोडून बसायचो, तीच गोष्ट.

अजून काय शिल्लक आहे?

कोकणातल्या बऱ्याच गरम झऱ्यांत क्षार जास्त आहेत. ते कुठून आले? समुद्राचं पाणी मिसळल्यामुळे, की बेसॉल्टखालच्या जुन्या खडकाशी पाण्याचा दीर्घकाळ संबंध आल्यामुळे? यावर मतं वेगवेगळी आहेत. सगळ्या झऱ्यांना एकच उत्तर लागू होईल असंही नाही. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

नमुने घ्यायला जाल तेव्हा तीन गोष्टी. तापमान आणि पीएच जागेवरच मोजा, बाटली घरी आणेपर्यंत दोन्ही बदलतात. सिलिकाच्या बाटलीत तिथेच शुद्ध पाणी मोजून मिसळा, नाहीतर थंड होताना सिलिका खाली बसते आणि उत्तर कमी येतं. आणि मे महिन्यातल्या नमुन्याची तुलना ऑगस्टमधल्याशी डोळे झाकून करू नका. पावसाळ्यात नदीचं पाणी कुंडात शिरतं.

आणि हो, तिथे लोक श्रद्धेने येतात. बाटली बुडवायच्या आधी विचारा. आजीच्या गोष्टीत हे पाणी म्हणजे देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त आहे, म्हणून ते गरम. माझ्या पहिल्या नमुन्यांच्या वेळी ती सोबत आली होती. मी तिला सांगितलं, "आजी, हे पावसाचंच पाणी आहे गं. खूप खाली जाऊन आलंय." ती म्हणाली, "किती वर्षांनी आलं वर?"

हा चौथा प्रश्न. तो मी यादीत धरलाच नव्हता. पाण्याचं वय काढायला ट्रिटियम आणि कार्बन-१४ वापरतात; पुढचा लेख त्यावर. तोवर तुमच्या तालुक्यातलं एक आश्चर्य निवडा आणि त्याबद्दलचा 'का' किमान तीन प्रश्नांत फोडून वहीत लिहा. उत्तरं नंतर शोधा.