परिचारिकांची देखरेख की पाठराखण?

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड आणि आसपासच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. त्यांत गरोदर स्त्रिया असतात, तान्ही बाळे असतात. अर्धवट राहिलेल्या तपासण्यांची व लसीकरणाची चिंता गावच्या आरोग्यसेविकेला वाहावी लागते. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला; या स्त्रियांना नित्य भेटणाऱ्या सेविकेच्या मनावरील ओझ्याविषयी मात्र कमीच बोलले गेले.

सहा उपकेंद्रांमागे एक आरोग्य सहायिका, अशी सरकारी रचना आहे. परंतु ती येते तेव्हा रजिस्टर पाहिले जाते. अवघड प्रसंगी सेविकेला काय वाटले, हे विचारायला वेळ उरत नाही. ‘क्लिनिकल सुपरव्हिजन’ म्हणतात ते नेमके हेच विचारणे. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८६ साली त्याची तीन कार्ये सांगितली: कामाचा दर्जा राखणे, अनुभवातून शिकवणे आणि थकलेल्या मनाला उभारी देणे. आपल्याकडे पहिल्यावरच सारा भर असतो.

यासाठी वरिष्ठ परिचारिकांना प्रशिक्षण लागते, कारण त्यांना स्वतःकडेच वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. उत्तम शुश्रूषा करणारी अधिपरिचारिका बढती मिळून परिसेविका होते आणि ड्यूटीचे तक्ते व औषधसाठा यांतच अडकते. ‘मी अजून परिचारिका आहे का?’ हा तिचा प्रश्न खरा आहे. कनिष्ठ सहकारिणीसोबत बसून एखाद्या रुग्णाविषयी विचार करताना तिचे मूळ कौशल्य पुन्हा कामी येते.

मात्र गुण देणारी व्यक्ती आणि मन ऐकणारी व्यक्ती शक्यतो एकच नसावी. ख्रिस्तसभेने हे फार पूर्वी ओळखले आहे. १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम २४० नुसार, सेमिनरीतील विद्यार्थ्याला गुरुदीक्षा द्यावी की त्याला काढून टाकावे, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत कधीही विचारता येत नाही. आपल्या मिशन रुग्णालयांत मात्र अधिसेविका हीच कधीकधी मठाची प्रमुखही असते! तिथे तरुण सिस्टर ‘मी घाबरले होते’ असे कसे म्हणणार? रुग्णाला धोका असेल तर गोष्ट वर कळवावीच लागेल, हे आधी स्पष्ट सांगावे. बाकीचे बोलणे त्या दोघींपुरतेच राहावे.

महिन्यातून एक तास पुरेसा आहे. त्या तासात वॉर्ड कोण सांभाळणार, एवढी तरतूद व्यवस्थापनाने करावी.