वृद्धाश्रम बांधावरून पाहू नका



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण आपल्याच घरातला आहे.

लागणीच्या नोंदी चालू असताना घनसावंगी तालुक्यातील एक जुने सभासद आमच्या गट कार्यालयात आले. नोंद झाली तरी उठेनात. मग हळूच म्हणाले, "साहेब, थोरल्या बहिणीला ठेवायला जागा पाहायची आहे. तिला मूलबाळ नाही. इतकी वर्षं आमच्यातच होती, पण आता माझी मंडळीच अंथरुणाला खिळली. पोरं पुण्याला. तुम्ही संगं चला, दोन डोळे जास्त असलेले बरे." लोक काय म्हणतील याची टोचणी त्यांना होती. आम्ही म्हणालो, "तात्या, त्यात लाज कसली? फक्त नीट पाहून ठेवू."

दोन ठिकाणे पाहिली. पहिल्या ठिकाणी फाटकाशी बगीचा, कार्यालयात गुळगुळीत टेबल, भिंतीवर पाहुण्यांचे फोटो. तात्या खूश झाले. पण आम्हाला ऊस पाहायची सवय. बांधाकडचा ऊस जोमदारच दिसतो, कारण त्याला उजेड-वारा भरपूर मिळतो. दहा-बारा सऱ्या आत शिरल्याशिवाय आम्ही टनाचा अंदाज देत नाही. म्हणून आत पाहू द्या म्हणालो. मागच्या दाराला कुलूप, किल्ली चौकीदाराकडे आणि चौकीदार गावात गेलेला. न्हाणीची फरशी निसरडी, धरायला दांडी नाही. रात्री कोण असते, याची दोघांनी दोन उत्तरे दिली.

कुलपाची गोष्ट किरकोळ समजू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी निवासाला आग लागली. गवती छपराखाली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांना पळता आले नाही आणि २८ जण दगावले.

दुसरी जागा दिसायला साधी, रंग उडालेला. आम्ही न कळवता जेवणाच्या वेळी गेलो. भाकरी गरम होती; दात नसलेल्यांना दुधात कुस्करून दिली जात होती. प्रत्येकाच्या नावाची वही होती: कोणती गोळी, किती वाजता, कोणी दिली. दर महिन्याचे वजनही लिहिलेले. आपल्या उसाचा हिशेब वजनकाट्यावर होतो, तसाच हा. वजन महिन्यामागून महिना उतरत असेल तर एक तर पोटाला कमी पडते किंवा आत दुखणे आहे.

आठ दिवसांनी आक्कांना स्वतः दाखवायला नेले. आम्ही इतके तपासले होते, पण त्यांनी एकच विचारले, "रातच्याला लागलं तर माझी हाक कोण ऐकणार?" तेथील सेविकाबाईंनी दाराशी असलेली आपली खाट दाखवली. आक्का तीवर बसल्या, तेथून खोलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ऐकू येईल." त्या तेथे राहिल्या.

सभासदांनी पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात :

१) संस्थेची नोंदणी, पैशांची पावती आणि लेखी अटी. अनामत परत मिळते का, दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे कागदावर असावे.

२) न्हाणी-संडासात दांडी, रात्री दिवा, आतली कडी बाहेरून उघडण्याची सोय.

३) बाहेर पडायला दोन वाटा. आग विझविण्याच्या नळकांड्यावरील भरण्याची तारीख.

४) अंथरुणाला खिळलेल्यांना साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवतात का. नाही तर पाठीला जखमा होतात.

५) आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. कूलर आणि हाताशी पिण्याचे पाणी आहे का.

६) राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी एकांतात बोलू देतात का. देत नसतील तर तेथूनच परत फिरावे.

सात-बारा, बँकेचे पासबुक आणि शेअरचा दाखला संस्थेच्या ताब्यात देऊ नये.

आणखी एक. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर जमीन नावावर करून दिली आणि पुढे सांभाळले नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. यासाठी प्रांत कार्यालयात अर्ज करावा. मात्र ती अट दस्तात लिहिलेली असावी. अडचणीत ज्येष्ठांसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

लागण केली म्हणजे ऊस आला असे होत नाही. फेरी मारावीच लागते. माणूस ठेवल्यावरही तसेच. तात्या दर पंधरवड्याला जातात, कधी सकाळी, कधी दिवेलागणीला, आणि आधी कळवत नाहीत. आपणही तसेच करावे, ही विनंती.