दम आहे, पण पाय संपतात? रनरसाठी स्ट्रेंथ ट्रेनिंगचा साधा हिशोब



दुकानात शूज घ्यायला येणाऱ्या रनरची एक तक्रार ठरलेली असते. "सर, पंधरा किलोमीटरपर्यंत मस्त जातो, पुढे पाय जड होतात. दम असतो, पण पायच उचलत नाहीत. महागातले शूज घेतले तर फरक पडेल का?"

शूज विकणं हाच माझा धंदा आहे, तरी स्पष्ट सांगतो. दम शिल्लक आणि पाय संपले, तर बहुतेक वेळा कमी असते ती ताकद. ती डब्यात पॅक करून मिळत नाही.

पाय का संपतात?

मिनिटाला साधारण 170 पावलं धरा. हाफ मॅरेथॉन, म्हणजे 21.1 किमी, सव्वादोन तासांत केली तर जवळपास 23 हजार पावलं होतात. धावताना दर वेळी तुम्ही एकाच पायावर उतरता आणि त्या पायावर वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. 70 किलोचा माणूस असेल तर 140 ते 210 किलो! म्हणजे धावणं म्हणजे हजारो छोट्या एकपायी उड्याच.

आता धंद्याच्या भाषेत बघा. महिन्याला 20 हजार कमावणाऱ्याला 10 हजारांचा हप्ता जड जातो, 40 हजारवाल्याला तोच हप्ता झेपतो. पायांचंही तसंच. कमाल ताकद वाढली की प्रत्येक पाऊल तुलनेनं स्वस्त पडतं आणि थकवा उशिरा येतो.

इंजिन तेच, मायलेज जास्त

फिनलंडमध्ये 1999 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. धावपटूंच्या एका गटाने 9 आठवडे आपल्या ट्रेनिंगचा सुमारे एक तृतीयांश भाग स्प्रिंट, उड्या आणि वेगाने उचललेल्या वजनांना दिला. त्यांची 5 किमीची वेळ सुधारली. गंमत म्हणजे शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता वाढलीच नव्हती. सुधारलं होतं ते मायलेज.

नॉर्वेतल्या 2008 च्या अभ्यासात धावपटूंनी 8 आठवडे, आठवड्यातून तीनदा जड हाफ स्क्वॉट केले, 4 रेपचे 4 सेट. त्याच वेगाने धावायला त्यांना सुमारे 5 टक्के कमी ऑक्सिजन लागू लागला. आणि वजन? वाढलं नाही. "बॉडी होईल आणि स्लो होईन" ही भीती इथेच सोडा.

कारण सोपं आहे. जड वजनाने स्नायूंमधले जास्त तंतू एकदम कामाला लागायची सवय होते. टाचेमागचा टेंडन घट्ट स्प्रिंगसारखा होतो, उतरतानाची ऊर्जा पुढच्या पावलाला परत देतो.

करायचं काय?

आठवड्यातून दोन दिवस, 40 मिनिटं पुरेत.

- स्क्वॉट किंवा स्टेप-अप
- रोमानियन डेडलिफ्ट
- लंज
- काफ रेज: एकदा गुडघा सरळ, एकदा वाकवून
- प्लँक आणि साइड प्लँक

पहिले 3-4 आठवडे हलक्या वजनावर 10-12 रेप, फक्त फॉर्म शिकायला. मग हळूहळू वजन वाढवून मुख्य व्यायामांचे 5-6 रेपचे 3 सेट. सेट थांबवताना अजून दोन रेप निघाले असते असं वाटलं पाहिजे. मध्ये 2-3 मिनिटं विश्रांती घ्या. नंतर दोरीवरच्या उड्या जोडा. जिम नसेल तर सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरा आणि जिन्याची पायरी वापरा.

घाटातली रेस असेल तर हे सोडूच नका. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. चढ दम बघतो, उतार मांड्या फोडतो. उतारावर दर पावलाला मांडीला ब्रेक लावावा लागतो, त्यासाठी स्टेप-अपवरून सावकाश खाली उतरायचा सराव करा.

इथे गल्लत होते

- हलकी वजनं घेऊन 30-30 रेप काढणं. तसं काम धावताना रोज होतंच आहे.
- लाँग रनच्या आदल्या दिवशी पाय मारणं. ज्या दिवशी जोराचं रनिंग, त्याच दिवशी संध्याकाळी वजनं. हलका दिवस हलकाच ठेवा.
- रेसच्या आठवड्यात जड उचलणं. शेवटचे 7-10 दिवस वजनं कमी करा.

गुडघा, कंबर किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आज रात्रीच एक चाचणी करा. भिंतीला फक्त बोटं टेकवा, एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण वर उचला. सलग किती निघतात मोजा. 20 सुद्धा निघाले नाहीत, तर नवे शूज थांबू शकतात. आधी काफ रेज सुरू करा.